पाय ओळंब्यात नाही, म्हणून सगळा गुडघा बदलायचा का?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या 62 वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांचा उजवा गुडघा चार वर्षांपासून आतल्या बाजूने दुखतो, डावा दुखत नाही. गोळ्या, व्यायाम, पट्टा, इंजेक्शन सगळं करून झालं. आता अंगणातल्या तीन पायऱ्या उतरायच्या म्हटलं तरी पोटात गोळा येतो. पहिल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे पाहून सांगितलं, "गादी फक्त आतल्या बाजूची गेली आहे. अर्धा गुडघा बदलू. पाय 4 अंश वाकडा आहे, ऑपरेशननंतरही थोडा वाकडा राहील." दुसऱ्या डॉक्टरांनी खुब्यापासून घोट्यापर्यंतची लांब फिल्म काढली आणि म्हणाले, "वाकडेपणा 10 अंश आहे. पूर्ण गुडघा बदललेला बरा." ती फिल्म काढताना गुडघा ताठ होत नव्हता, पाऊल बाहेर वळलं होतं आणि बराचसा भार मुलाच्या खांद्यावर होता, असंही त्या लिहितात. शेजारणीचे दोन्ही पाय पूर्ण सांधेरोपणानंतर "पट्टीसारखे सरळ" झालेत. मुलाच्या लग्नात लोक आपल्या 'फेंगड्या चाली'कडे बघतील, ही भीतीही ताईंना आहे. यजमानांनी जन्मभर गवंडीकाम केलं. त्यांचं म्हणणं, "ओळंब्यात नसलेली भिंत अर्धी पाडून भागत नाही." ताई विचारतात : "एवढं सोसून पाय वाकडाच राहणार असेल, तर ते ऑपरेशन कसलं? आणि 4 खरं की 10?"

ताई, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. 4 आणि 10 हे दोन्ही आकडे खरे असू शकतात, तेही एकाच पायाचे. यात कुणा एका डॉक्टरांनी तुम्हाला फसवलं असं मानण्याचं कारण मला दिसत नाही.

यजमानांना ओळंबा ठाऊक आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. पायाचा ओळंबा म्हणजे खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत ओढलेली सरळ रेघ. पाय सरळ असेल तर ही रेघ गुडघ्याच्या साधारण मधून जाते. तुमच्यासारखा पाय बाहेरच्या बाजूला कमानीसारखा वाकला असेल तर ती गुडघ्याच्या आतल्या बाजूला सरकते आणि शरीराचा भारही तिकडेच पडतो. पण ही रेघ ओढायला खुबा आणि घोटा दोन्ही फिल्मवर दिसावे लागतात. नुसत्या गुडघ्याच्या आखूड फिल्मवर ते दिसत नाहीत. तिथे डॉक्टर मांडीच्या हाडाची नळी आणि नडगीची नळी यांच्यातला कोन मोजतात. मांडीचं हाड खुब्यापासून सरळ खाली येत नाही, ते तिरकं येतं. त्यामुळे या दोन पद्धतींत साधारण 6 अंशांचा फरक पडतो. आखूड फिल्मवर जो पाय बाहेर 4 अंश वाकलेला दिसतो, तोच लांब फिल्मवर 10 अंशांच्या आसपास येतो.

म्हणून पहिला धडा तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी : कुणी अंश सांगितले की "कोणत्या फिल्मवर, कोणत्या रेघेने मोजले?" एवढं विचारायला संकोच करू नका. दोन डॉक्टरांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याआधी त्यांची मोजपट्टी एक आहे का, ते बघावं लागतं.

तरीही दुसऱ्या डॉक्टरांच्या 10 अंशांवर मी आज शिक्का मारणार नाही. कारण तुम्हीच लिहिलं आहे. गुडघा ताठ होत नव्हता आणि पाऊल बाहेर वळलं होतं. वाकलेला गुडघा बाहेर वळला की फिल्मवर तो बाहेर फुगलेला दिसतो, आणि पाय आहे त्याहून जास्त वाकडा भासतो. भार मुलाच्या खांद्यावर असेल तर उलटी चूकही होते. सांध्यावर वजनच पडत नाही, झिजलेली फट मिटत नाही आणि वाकडेपणा कमी दिसतो. तुमच्या फिल्ममध्ये या दोन्ही चुका एकदम झाल्या असतील, तर त्यांनी एकमेकींना किती खोडलं आणि किती वाढवलं हे कुणालाच सांगता येणार नाही. एवढा मोठा निर्णय अशा फिल्मवर घेऊ नये.

ती पुन्हा काढा. 'दोन्ही पायांचा उभ्याने स्कॅनोग्राम' असं चिठ्ठीवर लिहून घ्या. जाण्याआधी दुखण्याची गोळी घ्यायला हरकत नाही का, हे डॉक्टरांना विचारा, म्हणजे दोन मिनिटं तरी नीट उभं राहता येईल. साडीच्या निऱ्यांमुळे पाय कसा वळला आहे ते तंत्रज्ञाला दिसत नाही, म्हणून तिथला गाऊन मागून घ्या. अनवाणी उभ्या राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या. आधाराला हाताने दांडी धरली तर चालेल, अंग टाकू नका. सगळ्यात महत्त्वाचं, पावलं नव्हे तर गुडघ्याच्या वाट्या समोर पाहिजेत. तंत्रज्ञ सहसा "बोटं पुढे करा" म्हणतात आणि पुष्कळांची वाटी त्या वेळी बाजूला बघत असते. तुम्हीच सांगा, "वाटी समोर बघून घ्या." फिल्म हातात आली की वाटी मांडीच्या हाडाच्या रुंदीत मधोमध दिसते का ते बघा. दिसत नसेल तर तिथेच पुन्हा काढून मागा. आणि गुडघा खरोखरच पूर्ण ताठ होत नसेल, तर ते लपवायचं नाही, किती अंश कमी पडतात तेही लिहून घ्यायचं. कारण तो अडकलेपणा जास्त असेल तर अर्ध्या रोपणाने, म्हणजे गुडघ्याची झिजलेली एकच बाजू बदलून, तो सुटत नाही.

या लांब फिल्मचा मी एवढा आग्रह का धरतो, त्यामागे माझी एक चूक आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका शेतकरी गृहस्थांचं अर्ध्या गुडघ्याचं ऑपरेशन मी आखूड फिल्मवर ठरवलं होतं. सांधा पाहिला तर अगदी योग्य निवड वाटत होती. तरुणपणी बैलगाडीखाली आलेली त्यांची नडगी मधोमध वाकडी जुळली आहे, हे त्या फिल्मच्या चौकटीच्या बाहेर होतं. त्यांनी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. ओळंबा नडगीतच बिघडला होता, मी मात्र दुरुस्ती गुडघ्यात केली. दोन वर्षांनी ते पुन्हा दुखणं घेऊन आले तेव्हा मी पहिल्यांदा पूर्ण पाय पाहिला. त्या दिवसानंतर खुबा आणि घोटा पाहिल्याशिवाय मी गुडघ्याला हात लावलेला नाही.

आता यजमानांच्या भिंतीकडे येऊ. भिंत ओळंब्यातून गेली तर चांगला गवंडी लगेच पहार उचलत नाही. आधी बघतो, विटाच तिरक्या रचल्या गेल्यात, की रचना ठीक आहे आणि एका बाजूच्या सांध्यातला माल तेवढा निघून गेलाय. पायाचंही हेच. वाकडेपणा हाडात आहे की सांध्यात, हा खरा प्रश्न आहे. अंशांचा एकूण आकडा त्यानंतर येतो.

थोडा ढोबळ हिशेब करून दाखवतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूला मांडीच्या आणि नडगीच्या हाडावर मिळून साधारण 4-5 मिलिमीटर गादी म्हणजे कूर्चा असते. ती गेली की दर मिलिमीटरमागे पाय सुमारे 1 अंश बाहेर वाकतो. म्हणजे आतली गादी पार संपली तर 4-5 अंश वाकडेपणा नुसत्या झिजेचा. तुमचे एकूण 10 अंश खरे निघाले तर उरलेले 5-6 अंश कुठून आले? बहुधा तुमच्या हाडांच्या जन्मजात ठेवणीतून. म्हणजे गुडघा दुखायच्या कितीतरी आधीपासून तुमचा पाय जरा कमानदार असणार.

ही काही व्याधी नव्हे. बेल्जियममध्ये गुडघ्याची काहीही तक्रार नसलेल्या तरुण-तरुणींचे पाय असेच लांब फिल्मवर मोजले गेले. 2012 मध्ये ते निष्कर्ष आले. दर 100 पुरुषांपैकी 32 जणांचे आणि दर 100 स्त्रियांपैकी 17 जणींचे पाय 3 अंश किंवा त्याहून जास्त बाहेर वाकलेले निघाले. धडधाकट माणसांचे, ताई. सगळ्यांचा पाय मुळात शून्य अंशाचाच असतो आणि ऑपरेशनने तो शून्यावर परत आणायचा असतो, हे गृहीतक मला तुमच्या पत्रात जागोजागी दिसलं. तेच आधी बाजूला ठेवावं असं मला वाटतं.

तुमचा मूळ पाय कसा होता, हे सांगणारा एक साक्षीदार तुमच्याजवळ आहे. तुमचा डावा पाय. तो दुखत नाही असं तुम्ही लिहिलंय. म्हणून स्कॅनोग्राम दोन्ही पायांचा हवा. डावाही 4-5 अंश कमानदार निघाला, तर उजव्याची तेवढी कमान तुमची स्वतःची आहे. तुमच्या भावंडांचे पाय आठवून बघा, आईची चाल आठवून बघा. उजव्या पायाचं हाड कधी मोडलं होतं का, तेही डॉक्टरांना सांगा, पन्नास वर्षांपूर्वी मोडलं असलं तरी.

यानंतरची तपासणी मला अंश मोजण्याइतकीच मोलाची वाटते, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. ती म्हणजे स्ट्रेस एक्स-रे. तुम्हाला टेबलावर निजवून, गुडघा 20 अंशांच्या आसपास वाकवून डॉक्टर पाय बाजूला दाबून धरतात आणि तशीच फिल्म काढतात. थोडं दुखतं, पण काही सेकंदच. त्यात दोन गोष्टी बघायच्या. दाबल्यावर आतली मिटलेली फट उघडते का? आणि बाहेरच्या बाजूची फट पूर्ण जाडीची राहते का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर तुमच्या आतल्या बाजूचा स्नायुबंध (लिगामेंट, हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा) आखडलेला नाही आणि बाहेरची गादी शाबूत आहे. असा वाकडेपणा नुसत्या गेलेल्या गादीचा असतो. तेवढी जागा भरली की पाय आपल्या मूळ ठेवणीवर येतो.

हे असं का होतं, त्याचं उत्तर ऑक्सफर्डच्या शल्यविशारदांनी 1991 मध्ये दिलं. जॉन गुडफेलो त्यांतले एक. ओ'कॉनर या अभियंत्याच्या साथीने सरकत्या गादीचा कृत्रिम गुडघा बनवणारे ते हेच. त्यांना आढळलं, की गुडघ्याच्या मधला पुढचा स्नायुबंध शाबूत असेल तर आतली झीज नडगीच्या पुढच्या आणि मधल्या भागापुरती राहते, मागची गादी टिकून असते. उभं राहिलं की हाड झिजलेल्या जागेवर टेकतं आणि पाय वाकतो. गुडघा काटकोनात वाकवून बसलं की हाड मागच्या चांगल्या गादीवर येतं आणि वाकडेपणा जातो. दिवसातून इतक्या वेळा बसल्या-उठल्याने आतला स्नायुबंध आपोआप ताणला जातो, तो आखडत नाही. तुम्ही खुर्चीत बसल्यावर पाय सरळ दिसतो आणि उभं राहिल्यावर वाकडा, असं कधी लक्षात आलंय का? डॉक्टर हे तपासतीलच, पण घरात कुणाला तरी समोर बसवून बघायला सांगा.

आता तुमच्या दुखऱ्या प्रश्नावर येतो. एवढं करून पाय थोडा वाकडाच का ठेवायचा?

अर्ध्या रोपणात स्नायुबंध सैल करून पाय सरळ करायचा नसतो. जेवढी गादी गेली तेवढीच जाडी परत भरायची असते. पाय अगदी सरळ दिसावा या हौसेने आतल्या बाजूला जास्त जाडीची कृत्रिम गादी बसवली, तर ओळंबा ढळून भार बाहेरच्या बाजूला जातो. ती बाजू तुमची स्वतःची, चांगली आहे, तिच्याच जिवावर आपण अर्धा गुडघा वाचवतोय. जास्तीचा भार पडला की तीही झिजायला लागते आणि काही वर्षांनी पूर्ण गुडघा बदलायची वेळ येते. म्हणून जाणता सर्जन अर्ध्या रोपणात पाय किंचित कमानदारच ठेवतो. तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी "थोडा वाकडा राहील" हे आधीच सांगितलं, याने माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. अर्ध्या रोपणाने पाय पट्टीसारखा सरळ करून देतो म्हणणाऱ्याला मी दोनदा प्रश्न विचारले असते.

म्हणून दुसरे डॉक्टर चुकले असंही नाही. स्ट्रेस फिल्ममध्ये आतली फट उघडलीच नाही, बाहेरची गादी पातळ दिसली, पुढचा स्नायुबंध गेलेला निघाला, वाटीच्या मागे बाहेरच्या बाजूने हाडाला खाचा पडलेल्या निघाल्या किंवा हाडातला वाकडेपणा फारच मोठा निघाला, तर मीही पूर्ण रोपणच सुचवेन. संधिवाताचा म्हणजे आमवाताचा आजार असेल, सकाळी बोटं तासभर कडक राहत असतील, हाताचे लहान सांधे सुजत असतील, तर अर्ध्या रोपणाचा विचारच सोडायचा, कारण तो आजार सांध्याची एकच बाजू धरून बसत नाही. आणि आतली गादी अजून थोडी शिल्लक असेल, हाडाला हाड टेकलेलं नसेल, तर अर्धं रोपण घाईने करू नये. अशा गुडघ्यांत ऑपरेशननंतरही दुखणं राहण्याचा संभव जास्त असतो. हे बघायला गुडघा थोडा वाकवून उभ्याने काढलेली फिल्म लागते. निजून काढलेल्या फिल्मवर गादी आहे त्याहून जाड वाटते.

वय-वजनाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सांगेलच. 1989 मध्ये कोझिन आणि स्कॉट या शल्यविशारदांनी अर्ध्या रोपणासाठी 60 च्या पुढचं वय, 82 किलोच्या आतलं वजन अशा अटी घातल्या होत्या. पुढच्या अनुभवाने त्या बऱ्याच सैल झाल्या. सांध्याची स्थिती काय आहे, हे आता जास्त पाहिलं जातं.

दोन्ही पर्याय चालण्यासारखे निघाले तर? ब्रिटनमध्ये 528 रुग्णांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून दोन्ही शस्त्रक्रियांची तुलना झाली, 2019 मध्ये तिचे पाच वर्षांचे निकाल आले. दुखणं आणि हालचाल दोन्हीकडे जवळपास सारखी सुधारली, खर्चाच्या हिशेबात अर्धं रोपण उजवं ठरलं. अर्ध्या रोपणात स्वतःचे स्नायुबंध राहतात, रक्त कमी जातं, माणूस लवकर चालता होतो, गंभीर गुंतागुंत कमी होते. दुसरी बाजूही ऐका. ब्रिटनच्या नोंदींमध्ये अर्धा गुडघा काही वर्षांनी पुन्हा उघडण्याचं प्रमाण पूर्ण गुडघ्याच्या सुमारे दुप्पट दिसलं. यात सर्जनचा हात फार महत्त्वाचा आहे. जे सर्जन आपल्या गुडघ्याच्या रोपणांपैकी निदान पाचव्या हिश्श्याइतकी अर्धी रोपणं करतात त्यांचे निकाल चांगले राहतात, जे वर्षातून एखाददुसरं करतात त्यांचे नाही. तेव्हा पहिल्या डॉक्टरांना सरळ विचारा, "वर्षाला तुम्ही अशी किती करता?" उत्तर दोन-चार असेल, तर त्यांच्या हातून पूर्ण रोपण किंवा दुसऱ्या हातून अर्धं, असा विचार करा. रोबोटने कापणी अचूक होते, पण कोणत्या गुडघ्याला काय करायचं ते माणसालाच ठरवावं लागतं. जाहिरातीतल्या रोबोटवरून रुग्णालय निवडू नका.

शेजारणीबद्दल थोडं. त्यांचे पाय सरळ झाले याचा मलाही आनंद आहे. पण त्यांच्या गुडघ्याच्या दोन्ही बाजू गेल्या होत्या की एकच, हे तुम्हाला किंवा मला माहीत नाही. 'फेंगडी चाल' हा शब्द तुम्ही पत्रात तीनदा लिहिला आहे, तो मला बोचला. मुलाच्या लग्नात लोक चालीकडे बघतील, ही भीती खोटी नाही. एवढं सांगतो, चाल बिघडते ती बरीचशी दुखण्यामुळे. दुखरा पाय टेकताना अंग एका बाजूला झुकतं आणि ते लोकांना दिसतं. दुखणं गेलं की 4-5 अंशांची कमान साडीखाली कुणाला कळतही नाही. तरीही पाय सरळ दिसणं तुम्हाला मनापासून हवं असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पूर्ण रोपण निवडायला तेही एक कारण असू शकतं, फक्त त्यासाठी आपण सांध्याचा चांगला अर्धा भाग देतोय हे माहीत असून निवडा. लग्नाची तारीख मात्र ऑपरेशनच्या तारखेला बांधू नका.

ज्यांचे गुडघे उलटे, म्हणजे आत वळून एकमेकांना घासतात, त्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं स्वतःला लावू नये. त्यांची झीज बाहेरच्या बाजूची असते, तिथलं अर्धं रोपण क्वचित होतं आणि त्याचं तंत्र वेगळं आहे. आणि पन्नाशीच्या आतले, अंगमेहनतीची कामं करणारे ज्यांचा वाकडेपणा नडगीच्या हाडातच आहे, त्यांनी हाड कापून पाय सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आधी विचारावं. तिथे ओळंबाच बदलता येतो आणि स्वतःचा गुडघा सगळाच्या सगळा राहतो.

ताई, तुम्हाला आत्ता कुणाचीही तारीख घ्यायची गरज नाही. स्कॅनोग्राम नीट काढा, गुडघ्याच्या उभ्याच्या, बाजूच्या आणि वाटीच्या फिल्म काढा, आणि पहिल्या डॉक्टरांकडून स्ट्रेस फिल्म करून घ्या. मग त्याच फिल्म दोन्ही डॉक्टरांना दाखवा. त्याआधी एक संध्याकाळ यजमानांना द्या. छापील स्कॅनोग्राम खिडकीच्या काचेवर लावा. ओळंब्याचा दोरा खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत ताणून धरायला सांगा, आधी डाव्या पायावर, मग उजव्यावर. दोरा गुडघ्यातून कुठून जातो तिथे पेन्सिलने बारीक टिंब करा. दोन टिंबांमध्ये किती अंतर आहे ते बघा आणि फिल्म तशीच डॉक्टरांकडे घेऊन जा.